बुसिरीबाचं पान उघडत नाही

बुसिरीबा बेट
४ फेब्रुवारी

बाळ डामुलिरा,

हे पत्र लुबोवाच्या मासळीच्या ट्रकमधून येतंय, तेव्हा त्याला वास येणार. नाक मुरडू नकोस. तुझ्या बापाने तुला ज्या वासात वाढवलं, तोच हा.

भाचा कंपालात इंटरनेट कंपनीत साहेब, आणि त्याची आत्या, त्याची सेंगा, त्याला कागदावर पत्र लिहितेय. हसायला येतं ना? मलाही येतं. पण फोनवरचा निरोप तू वाचतोस, निळ्या खुणा दिसतात आणि पुढे तू आहेस की नाहीस तेही कळत नाही. कागद नेला तर निदान लुबोवा उत्तरासाठी दारात उभा राहतो. बाप गेल्यावर त्याच्या बहिणीने काही विचारलं तर उत्तर द्यायचं असतं. कंपालाने तुझ्यात एवढं तरी शिल्लक ठेवलं असेल अशी आशा आहे.

गोल्डन शोर हॉटेलवाल्यांना आपला किनारा हवाय, ते तुला ठाऊक आहे. घरं पाडायला कोर्टाने मनाई केली, तेही ठाऊक आहे. पण ती कायमची मनाई नाही. प्रत्येक तारखेला कोर्ट ती पुढे वाढवतं. मध्यंतरी हॉटेलच्या माणसांनी ‘मनाई उठली’ असा एक खोटा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरवला. दोन कुटुंबं घाबरून सामान होडीत टाकून निघूनही गेली. मग बेटाच्या चेअरमनसमोर दोन्ही बाजूंचं ठरलं, की फोटो, झेरॉक्स, तोंडी बाता काही मानायचं नाही. आपल्या वकीलबाई बुसिरीबाच्या वेबसाइटवर जो ताजा हुकूम ठेवतील, तोच खरा.

हे ठरलं आणि त्याच आठवड्यात वेबसाइट उघडेनाशी झाली. चक्र नुसतं गरगर फिरत राहतं. बेटावर टॉवर आहे तो तुझ्या न्यांजा नेटचा. तुमच्या इथल्या एजंटला विचारलं. तो रिचार्जबरोबर टोमॅटो विकतो. म्हणाला, “मॅडम, वेबसाइट आजारी असेल.” मी म्हटलं, “मग डॉक्टर कोण?” तर म्हणाला, “कंपाला.”

आता लोकांनी फोनमध्ये ते आडवाटेने पान आणणारं प्रॉक्सीचं टूल घातलंय. त्यातून पान उघडतं, पण इतकं सावकाश, की माझी एक अख्खी ‘नमो मारिया’ म्हणून होते, कधी दोन होतात. मेलेला विश्वास जिवंत होईल, पण पान लवकर दिसत नाही.

सरळ विचारते, सरळ सांग. तुम्ही लोकांनी आमची वेबसाइट अडवली आहे का?

तुझी सेंगा,
पर्पेतुआ नाकाबिरी


कंपाला
१३ फेब्रुवारी

आदरणीय सेंगा,

पत्र मिळालं. लुबोवा खरंच दारात उभा राहिला, त्यामुळे इमारतीच्या वॉचमनने मला दोनदा फोन केला. पुढच्या वेळी निदान पाकिटावर पाकीट घाला.

तुम्ही आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंत, म्हणून तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आजकाल कुणाचं काही बिघडलं की लगेच ‘आम्हाला अडवलं, आम्हाला दाबलं’. सेंगा, आमच्या कंपनीत मोठमोठे लोक मोठमोठ्या कामांत असतात. मासे सुकवणाऱ्या चार लोकांची वेबसाइट अडवायला इथे कुणाला वेळ आहे? बुसिरीबा नकाशावर दाखवायला सांगितलं, तर आमच्या निम्म्या साहेबांची बोटं पाण्यात बुडतील.

वेबसाइट अडवलेली असेल तर ती उघडतच नाही. उशिरा उघडते, याचाच अर्थ ती अडवलेली नाही. दोष तुमच्या टूलमधल्या डीएनएसचा आहे. तो मंद आहे. टूल काढून टाका, फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडा धीर धरा.

डीएनएस म्हणजे काय, ते तुम्हाला समजेल असं सांगतो. फोनला वेबसाइटचं नाव माहीत असतं, पत्ता माहीत नसतो. म्हणून तो वेशीवरच्या म्हाताऱ्याला विचारतो, अमक्याचं घर कुठे? म्हातारा पत्ता सांगतो, मग फोन तिकडे जातो. तुमच्या फुकटातल्या टूलने असाच एक पेंगणारा म्हातारा बसवलेला असणार. फुकट घेतलं की असंच मिळतं.

आता चांगली बातमी. मला नवीन पद मिळालंय. स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून सरोवरसुद्धा दिसतं. आणि माझं लग्न जिच्याशी ठरतंय त्या प्रॉसीच्या घरी जूनमध्ये क्वांजुला, म्हणजे मागणीचा समारंभ, ठरलाय. ती आमच्याच ऑफिसात तक्रारींच्या फोनवर असते. तिच्या माणसांसमोर माझी ओळख करून द्यायला आपल्या बाजूने तुम्ही लागणार. नवीन गोमेसी शिवून घ्या. आणि कृपा करून तिथे वेबसाइटचा विषय काढू नका.

तुमचा,
डामुलिरा


बुसिरीबा बेट
२२ फेब्रुवारी

डामुलिरा,

नवीन खोलीचं ऐकून आनंद झाला. खिडकीतून सरोवर दिसतं तर कधीतरी पलीकडेही बघ, तिथे आम्ही राहतो.

तू मला ‘समजेल असं’ सांगितलंस. उपकार झाले. तुला गुणाकार मीच शिकवला होता, तेव्हा तुला समजेल असं सांगायला मला किती आठवडे लागले होते, ते मी कुणाला सांगत नाही.

मंद म्हातारा, म्हणतोस. ठीक आहे. मी शाळेत जे शिकवायचे तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तोच फोन, तेच टूल, तीच माझ्या अंगणातली फणसाखालची जागा. फुटबॉलची वेबसाइट उघडली. ‘नमो’ म्हणेपर्यंत उघडली. पास्टर लोकांची उघडली, तिच्यावर तर नाचगाणीसुद्धा होती, तरी लगेच उघडली. गोल्डन शोर हॉटेलची उघडली, पोहण्याच्या तलावासकट. मग आपली उघडली. पूर्ण प्रार्थना झाली, आणि वर ‘आमेन’ म्हणून मी वाट बघत राहिले.

मग टेकडीच्या पलीकडे गेले. तिथे पलीकडच्या समुद्रकाठच्या दुसऱ्या कंपनीचं सिग्नल पोचतं, हे मासेमारांना माहीत आहे. होय, आम्ही सरोवराला समुद्रच म्हणतो, तुझ्या खिडकीतून तो लहान दिसत असेल. एकाचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून घेतलं. टूल नाही, काही नाही. आपलं पान पटकन उघडलं.

पेंगणारा म्हातारा सगळ्यांनाच उशिरा सांगतो, डामुलिरा. जो बाकी सगळ्यांना पत्ता सांगतो आणि फक्त माझं नाव विचारलं की बहिरा होतो, तो पेंगत नसतो. त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. आणि तो म्हातारा टूलचा नाही, तुमचा आहे. टूल बिचारं आधी तुमच्या वेशीवर विचारतं, तिथे कुणी बोलत नाही, वाट बघून कंटाळतं आणि मग लांबच्या दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातं. तो जो सगळा वेळ जातो, तो तुमच्या दारात उभं राहण्यात जातो. बरोबर?

चूक असेल तर तसं लिही. फक्त ‘धीर धरा’ असं लिहू नकोस. धीर आम्ही हॉटेल आल्यापासून धरलाय, आता हात दुखायला लागलेत.

गोमेसी शिवायला टाकली आहे.

सेंगा


कंपाला
६ मार्च

आदरणीय सेंगा,

तुमच्या पत्रातल्या गोष्टी मी तपासल्या. आमच्याकडे सर्व यंत्रणा व्यवस्थित आहे. कोणतीही वेबसाइट अडवण्याचा कोणताही हुकूम आमच्याकडे आलेला नाही. हे मी तुम्हाला शपथेवर सांगू शकतो.

तरी तुमच्या समाधानासाठी एक सांगतो. टूलच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली एक बटण आहे, ‘नाव दूरच्या सर्व्हरला विचारा’. ते चालू करा. का, ते विचारू नका. प्रत्येकाच्या फोनवर करा.

यापुढे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नका, घरी पाठवा. आणि वकीलबाईंशी या विषयावर बोलू नका. अर्धवट माहिती असलेल्या माणसांनी कोर्टात तंत्रज्ञानाच्या गप्पा मारल्या की हसं होतं. तुमचं हसं झालेलं मला आवडणार नाही.

डामुलिरा


बुसिरीबा बेट
२७ मार्च

डामुलिरा,

यंत्रणा व्यवस्थित आहे, आणि औषध हे घ्या. वा! निरोगी माणसाला औषध देणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

तुझं बटण चाललं. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं. म्हणजे माझा हिशेब बरोबर होता, आणि तू मला तसं न सांगता सांगितलंस. पण ते नंतर बोलू. आधी काय झालं ते ऐक.

बटण कळल्यावर मी दक्षिण किनाऱ्यावर घरोघरी फिरले. कुणाचा फोन पिठाच्या डब्यात, कुणाचा बायकोच्या ब्लाउजमध्ये, कुणाच्या फोनला काचच नाही. प्रत्येकाचं बटण लावून दिलं. उत्तर किनारा राहिला. माझा गुडघा सुजला होता आणि मी ठरवलं, रविवारी चर्चनंतर जाऊ.

गुरुवारी सकाळी हॉटेलची माणसं दोन होड्यांतून आली. हातोडे, पहारी, दोरखंड. म्हणाली, मनाई संपली. दक्षिणेला लोकांनी फोन पुढे केले. पान उघडलेलं, ताजी तारीख, कोर्टाचा शिक्का, सगळं समोर. चेअरमनने स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. मुकादमाने माणसं होडीत बसवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मूर्ख आम्ही. होड्या वळून उत्तरेला गेल्या.

तिथे पहिलं घर नालोंगोचं. जुळ्यांची आई म्हणून सगळं बेट तिला नालोंगोच म्हणतं, तूही म्हणायचास, आणि तिच्याकडे धुरातले मासे फुकट खायचास. तिने फोन काढला. तिलाही नियम माहीत होता, की पान दाखवायचं. चक्र फिरत राहिलं. ती म्हणाली, “थांबा बाबांनो, येतंय. थोडा धीर धरा.” मुकादम तिच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून बघत होता. म्हणाला, “आजी, तुमचं कोर्ट अजून गोल गोल फिरतंय.” सगळे हसले. मग त्यांनी दोर बांधला.

आम्ही पळत पोचलो तोवर घर पडलं होतं, आणि मासे धुरावण्याची भट्टी फोडली होती. नालोंगो अजून फोन हातात धरून उभी होती. पान तेव्हा उघडलं होतं. हुकूम स्पष्ट दिसत होता.

तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि भट्टीच्या विटा गोळा करायला लागली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुडघ्याचं मी माझं बघेन, ते माझ्याकडे आहे. तू मला एवढंच सांग, की त्या म्हाताऱ्याला गप्प बसायला कुणी सांगितलं? हुकूम आलेला नाही म्हणतोस. मग काय आलं?

सेंगा


कंपाला
१९ एप्रिल

आदरणीय सेंगा,

आपण भेटलेलो नाही. मी प्रॉसी नाब्बोसा. जूनमध्ये तुमची सून व्हायची होते.

तुमचं नालोंगोंबद्दलचं पत्र डामुलिराच्या जेवणाच्या टेबलावर पडलं होतं, त्याला मासळीचा वास येत होता म्हणून मी हातात घेतलं. वाचायला नको होतं. वाचलं. मी त्याला विचारलं, “उत्तर दिलंस का?” तो म्हणाला, “कशाचं?” आणि भाताचं ताट पुढे ओढलं. तेव्हापासून मी वाट बघत होते. तो लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

हुकूम कुठूनच आलेला नाही, हे त्याने खरं सांगितलं. आमचे एक संचालक गोल्डन शोर हॉटेलचे भागीदार आहेत. डिसेंबरमध्ये त्यांनी तोंडी सांगितलं, हे नाव बंद करा. कागद नाही, सही नाही. आमचे जुने साहेब घाबरले. म्हणाले, बंद केलं की लोकांना ‘परवानगी नाही’ असं पान दिसेल, मग लोक विचारतील कुणाची परवानगी. मीटिंगमध्ये मी होते, कारण फोनवर लोकांना काय सांगायचं ते मला तिथे लिहून मिळणार होतं.

तेव्हा डामुलिरा उठून म्हणाला, “नाही म्हणायचंच कशाला? नाव विचारलं की गप्प बसायचं. लोकांना वाटेल आपलाच फोन मंद आहे.” संचालकांनी टेबलावर हात मारला. नवीन खोली त्याला याच कामाची मिळाली.

आणि मला मिळालेला मजकूर हा: “वेबसाइट अडवलेली असेल तर ती उघडतच नाही. उशिरा उघडते, याचाच अर्थ ती अडवलेली नाही. दोष तुमच्या टूलमधल्या डीएनएसचा आहे. तो मंद आहे. टूल काढून टाका, फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडा धीर धरा.” हा त्यानेच लिहिला. डिसेंबरपासून मी तो फोनवर वाचून दाखवला. मला तो खरा वाटत नव्हता, पण वाचायला लागत होता. बुसिरीबाहून एका बाईंचा फोन आला होता, मागे कोंबड्या ओरडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “बरं बाळा, धीर धरते.” त्या नालोंगोच होत्या का, मला माहीत नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून मला त्याच वाटतात.

मला तुमच्या वकीलबाईंचा फोन नंबर हवाय. जे ऐकलं ते मी शपथेवर सांगेन. नोकरी जाईल, ते मी वडिलांना सांगितलंय. ते आधी ओरडले, मग म्हणाले, “मग जूनमध्ये तंबू ठोकायचे की नाही?” मी नाही म्हटलं.

डामुलिराला मी अजून काही बोललेले नाही. माझ्याकडून ऐकायची त्याची लायकी उरलेली नाही, असं मला वाटतं.

प्रॉसी


कंपाला
२५ मे

आदरणीय सेंगा,

कामाच्या गडबडीत तुमच्या मार्चच्या पत्राचं उत्तर राहून गेलं. नालोंगोंचं ऐकून वाईट वाटलं. पण सेंगा, दोष बेटावरच्या लोकांचाही आहे. एक साधं बटण वेळेवर लावता येत नाही आणि कोर्टकचेऱ्या करायच्या!

ऐकतो की कोर्टाने आमच्या कंपनीला बोलावलंय. आतून कुणीतरी बोललंय. असली माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, पगार इथला खायचा आणि गाणी दुसऱ्याची गायची. आम्ही शोधून काढूच. आमच्या वकिलाचं म्हणणं तयार आहे: वेबसाइट अडवलेली नव्हती, ग्राहकांची टूल मंद होती. न्यायाधीशांचं वय बघता त्यांना यातलं ओ की ठो कळणार नाही.

तुम्हाला साक्षीला बोलावतील. एकच विनंती आहे. ते बटण तुम्हाला कसं सापडलं असं विचारलं, तर सापडलं असं सांगा. किंवा आठवत नाही म्हणा, तुमच्या वयात कुणी शंका घेणार नाही. माझं नाव येता कामा नये. शेवटी बटण मीच सांगितलं, तुमचा अर्धा किनारा त्यामुळे उभा आहे, हे विसरू नका. मी काही तुमचा शत्रू नाही. मला दोन्हीकडे सांभाळायचं असतं, ते तुम्हाला बेटावर बसून कळणार नाही.

प्रॉसी हल्ली फोन उचलत नाही. कपड्यांच्या खरेदीत असेल. तिच्या घरच्यांना तुमच्याकडून एक निरोप गेला तर बरं दिसेल.

या वेळी फक्त गप्प राहा, सेंगा. बाकी मी बघतो.

तुमचा,
डामुलिरा


बुसिरीबा बेट
१७ जून

डामुलिरा,

प्रॉसीच्या घरच्यांना निरोप पाठवायची गरज पडली नाही. मी त्यांच्याकडेच उतरले होते. तिच्या आईने मातोके आणि शेंगदाण्याचा रस्सा केला, तिच्या वडिलांनी मला कोर्टात नेऊन सोडलं. कपड्यांच्या खरेदीचं म्हणशील तर, मी नवीन गोमेसी नेसून गेले होते. शिवलेली होती, वाया कशाला घालवा?

तू आला नाहीस. तुमचे वकील आले. त्यांनी ‘वेबसाइट अडवलेली असेल तर ती उघडतच नाही’ इथून सुरुवात केली. मी पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकलं, त्यांच्यापेक्षा जोरात. कोर्टात हशा झाला. हसं होईल म्हणाला होतास, ते खरं ठरलं.

मग मी माझे प्रयोग सांगितले. अंगण, टेकडी, दुसरं सिम. न्यायाधीशांना ओ की ठो कळणार नाही, म्हणालास. त्या ऐकत होत्या, लिहून घेत होत्या, आणि तुमच्या वकिलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “फक्त याच नावाला तुमचा सर्व्हर झोपतो का?” त्यानंतर प्रॉसी उभी राहिली. तुमच्या ऑफिसात शोधाशोध चालू असेल तर थांबवा, ती सापडली आहे. तिने मीटिंग सांगितली, तुझं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. एकदाही थांबली नाही. तू असं काही सांगितलं असतंस, तर मी तुझ्या घरासमोर ढोल वाजवला असता.

कोर्टाने नाव त्याच दिवशी मोकळं करायला लावलं. नालोंगोचं घर आणि भट्टी हॉटेलने बांधून द्यायची. पाया खणून झालाय. तुमचे संचालक म्हणाले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, एका तांत्रिक कर्मचाऱ्याने परस्पर केलं. तो कर्मचारी कोण, ते त्यांनी सांगितलं नाही, पण तुझी खिडकी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली असेल असा माझा अंदाज आहे. तू दोन्हीकडे सांभाळत होतास ना? त्यातली एक बाजू अशी निघाली.

दक्षिण किनारा तुझ्या बटणामुळे उभा आहे, हे खरं आहे. मी ते कोर्टात सांगितलं. खोटं बोलून तुझं तोंड जास्त काळं करायची मला गरज नाही, तेवढं तू स्वतः केलंस.

तुझी विनंती मला मिळाली होती. बटण सांगणाऱ्याचं नाव काय, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तुझं पत्र माझ्या पिशवीतच होतं. नालोंगो समोरच्या बाकावर बसली होती. तुझ्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि वाटलंही की दोन क्षण थांबावं, आठवत नाही म्हणावं. तू म्हणतोस तसं, माझ्या वयात कुणी शंका घेतली नसती.

पण त्यांनी नाव विचारलं होतं. मी तिथल्या तिथे सांगितलं.

पर्पेतुआ नाकाबिरी